अर्धं बोट मागं

स्विच खाली ओढला तेव्हा आपण काही चुकीचं करतोय असं मनातही आलं नाही. ड्रोन माळावर उतरला होता, चारही पंखे सावकाश फिरत होते, आणि मी नेहमीच्या सवयीनं रिमोटचे सगळे स्विच एकेक करून खाली घेतले. उड्डाण संपलं की सगळे स्विच खाली, मग डावी स्टिक खालच्या डाव्या कोपऱ्यात दाबून धरायची, मोटरी बंद. दोन वर्षांत ही सवय अशी अंगात मुरलीय की बोटं आपोआप फिरतात. बॅटरी काढली, पंख्यांवरची माती पुसली, सगळं पेटीत भरलं आणि मोटरसायकलवरून घरी आलो. मन भरलेलं होतं. नऊ मिनिटं तो ड्रोन हवेत स्वतःलाच हिसके देत, स्वतःला पारखत राहिला होता. तोल सांभाळायचे आपले आकडे ड्रोननं असे स्वतःच शोधायचे, याला ऑटोट्यून म्हणतात. लॅपटॉपच्या पडद्यावर शेवटी ‘ऑटोट्यून: सक्सेस’ उमटलं होतं. नव्या सेटिंगवर मी तो दोन मिनिटं उडवूनही बघितला होता आणि इतका ठाम उभा राहिलेला माझा ड्रोन मी त्याआधी कधी बघितला नव्हता. घरी चहाचा कप बाजूला ठेवून लॅपटॉपला वायर जोडली, नवे आकडे डोळे भरून बघावेत म्हणून. रोलचा, म्हणजे डावी-उजवीकडं कलण्याचा, पी 0.135. पिचचा, म्हणजे पुढं-मागं कलण्याचा, पी 0.135. दोन्हीकडे डी 0.0036. कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, पहिल्यांदा चालू केला त्या दिवशी जे आकडे होते, तेच.

नियम साधा आहे आणि तो मला पाठ होता. ऑटोट्यून पूर्ण झालं की ड्रोन आपण होऊन जुन्या आकड्यांवर परत येतो. ऑटोट्यूनचा स्विच एकदा खाली करून पुन्हा वर केला की नवे आकडे लागू होतात, म्हणजे उडवून खात्री करता येते. पसंत पडले तर स्विच वरच ठेवायचा, तसाच ड्रोन उतरवायचा, आणि स्विच वर असतानाच मोटरी बंद करायच्या. तेव्हाच ते आकडे कंट्रोलरच्या आठवणीत पक्के होतात. स्विच खाली घेऊन मोटरी बंद केल्या तर त्याचा अर्थ ‘मला हे नको’ असा होतो. मशीन मुकाट्यानं ते सगळं सोडून देतं. ना शिट्टी, ना लाल दिवा.

त्या रात्री झोप लागेना.

नुकसान तसं काहीच नव्हतं. एक बॅटरी आणि एक सकाळ. पुढच्या रविवारी पुन्हा करता आलं असतं. तरी काहीतरी टोचत होतं, आणि ते ड्रोनबद्दल नाही हे मला अंथरुणातच कळत होतं. शिकलेलं सगळं हातात असताना, माझ्याच हातानं ‘नको’ म्हटलं गेलं होतं.

ज्यांनी ऑटोट्यून बघितलेलं नाही त्यांना ते पहिल्यांदा दिसलं तर भीती वाटेल. पहाटे साडेसहाला, वारं उठायच्या आत, इचलकरंजीजवळच्या तारदाळच्या पुढच्या माळावर मी जातो. थंडीच्या दिवसांत लांबच्या गुऱ्हाळाचा धूर जमिनीलगत आडवा पसरलेला असतो. उसाच्या फडावरून ओला, गोडूस वास येतो. ड्रोन दहा मीटरवर नेऊन थांबवायचा, दोन्ही स्टिक मधोमध सोडायच्या आणि स्विच वर. क्षणभर काहीच होत नाही. मग तो एकदम उजवीकडे हिसका देतो, सुमारे वीस अंश कलतो, आणि चटकन सरळ होतो. थांबतो. डावीकडे हिसका. पुन्हा सरळ. वाऱ्यानं ढकलल्यासारखं ते अजिबात दिसत नाही. कुणीतरी आतून कोपरानं ढोसल्यासारखं दिसतं. प्रत्येक हिसक्याला मोटरींचा आवाज ‘घुर्रर्र’ असा वर चढतो आणि तुटतो. मिनिटामागून मिनिट हेच. मधे वाऱ्यानं तो लांब सरकला तर आपण स्टिकनं जागेवर आणायचा. स्टिकला हात लागला की तो लगेच आपले जुने, भरवशाचे आकडे अंगावर घेतो आणि शहाण्यासारखा ऐकतो. हात सोडला की पुन्हा जिथून सोडलं तिथून सुरू. हे मला फार आवडतं. शिकत असताना चुकण्याची मुभा आहे, पण मालकाचा हात लागला की चूक करायची नाही.

हे हिसके कशासाठी, तर स्वतःचं शरीर ओळखण्यासाठी. डी म्हणजे ब्रेक. ड्रोन किती वेगानं वळतोय ते बघून त्याला आवरून धरणारा. पी म्हणजे जोर. जितकी चूक तितका धक्का. ऑटोट्यून आधी डी वाढवत नेतं. वाढवत, वाढवत, हिसक्यानंतर ड्रोन उलटा उसळायला लागेपर्यंत. उसळी दिसली की डी खाली आणायचा, उसळी निवेपर्यंत. मग पी वाढवायचा, मागितलेला वेग नेमका गाठला जाईपर्यंत. आणि एकदा जमलं म्हणून पुढं जायचं नाही. चारची मोजणी पुरी व्हावी लागते, मधे एखादा हिसका चुकला तर मोजणीतला एक कमी होतो. नेम एकदा बसणं योगायोगाचंही असू शकतं, हे त्या चार ओळींच्या हिशेबाला माहीत आहे. राहिला आय. तो जुन्या चुका साठवून ठेवतो आणि सतत एकाच बाजूला ओढ लागत असेल तर ती हळूहळू भरून काढतो. ऑटोट्यून त्याला वेगळा शोधतच नाही. रोल आणि पिचमध्ये पी जितका, तितकाच आय. मला ते वाचल्यावर जरा वाईट वाटलं होतं. आठवण ठेवणाऱ्याची परीक्षाच नाही.

डी खूप वर चढलेला असतो त्या मिनिटभरात मोटरींचा आवाज बदलतो. गुळगुळीत भणभण जाते आणि खरखर येते, कोरड्या खडूनं फळ्यावर ओढल्यासारखी. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी मान आपोआप तिरकी झाली आणि डोळे मिटले गेले. आणि त्याच क्षणी मला समजलं की अशी मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकणारा माणूस मी आयुष्यभर बघितलेला आहे.

अण्णा, माझे वडील, जॉबर होते. इचलकरंजीत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चोवीस माग त्यांच्या अंगावर. विणकरानं माग चालवायचा, बिघडला की जॉबरला हाक मारायची. मी शाळेतून डबा द्यायला शेडमध्ये जायचो तेव्हा दारातच कान बधिर व्हायचे. हवेत सुताचा बारीक कापूस तरंगत असायचा, तो भुवयांवर बसायचा, आणि खोबरेल, ग्रीस आणि सायझिंगच्या खळीचा एक आंबूस वास नाकात घुसायचा. त्या खडखडाटात माणसं ओठ वाचून बोलायची. आणि त्यातून अण्णा दोन रांगांमधून चालत जाताना मधेच थांबायचे. मान तिरकी. डोळे मिटलेले. मग पाच माग मागं येऊन एका मागाच्या चौकटीवर तळवा टेकवायचे. चोवीस मागांच्या आवाजातून त्यांना एका मागाचा आवाज वेगळा ऐकू यायचा, हे मला तेव्हा विशेष वाटत नव्हतं. सगळ्यांच्याच वडिलांना येत असेल असं वाटायचं.

धोट्याची गोष्ट त्यांनी मला तिथंच, ओरडून, माझ्या कानाला तोंड लावून सांगितली होती. आडवा धागा ओढून नेणारा धोटा या पेटीतून त्या पेटीत जातो, मिनिटाला शंभरावर वेळा, ताण्याच्या धाग्यांच्या दोन थरांमधून. पिकिंगचा, म्हणजे धोट्याला फटका मारण्याचा, जोर कमी पडला तर तो पलीकडच्या पेटीत पुरा पोचत नाही, मधे अडकतो, आणि शेकडो धागे एका दमात तुटतात. मग ते एकेक गाठत बसायचं. जोर जास्त झाला तर तो पेटीत आदळून उलटा उसळतो, जागेवर ठरत नाही, आणि पुढचा फटका चुकीच्या जागेवरून बसतो. धोटा वाकडा होऊन बाहेरच उडाला तर माणसाला लागतो. अण्णांच्या डाव्या मनगटावर अजून तो पांढरा वण आहे, चिंचोक्याएवढा. म्हणून जोर नेमका पाहिजे. तो नेमका कसा शोधायचा, तर फटक्याचा चामडी पट्टा आवळत जायचं. आवळत, आवळत, धोटा उसळेपर्यंत. “उसळला की अर्धं बोट मागं,” ते म्हणायचे. पट्टा अर्धं बोट सैल. बस.

उसळेपर्यंत न्यायचं आणि मग मागं यायचं.

माळावर उभं राहून त्या खरखरीकडं कान लावताना हे वाक्य माझ्या अंगावर आलं. ऑटोट्यूनची कल्पना कुणी पट्ट्यावरून घेतली असेल असं नाही. पण वाट तीच आहे. धोका कुठं आहे ते लांबून मोजून कळत नाही. तिथपर्यंत जावंच लागतं, त्याला बोट लावावं लागतं, आणि तेवढ्यात मागं फिरावं लागतं. 1942 साली झीगलर आणि निकोल्स या दोघांनी कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी जी रीत कागदावर मांडली, तीही हीच. जोर वाढवत न्या, यंत्र एका लयीत सारखं डोलायला लागलं की तो आकडा टिपून ठेवा, आणि नुसत्या पीवर चालवायचं असेल तर त्याच्या निम्म्यावर या. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1922 मध्ये, निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या आपोआप चालणाऱ्या सुकाणूबद्दल निबंध लिहिला. आज ज्याला पीआयडी म्हणतात त्याचं पहिलं नीट गणित त्यात आहे. मला त्यातली सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट गणिताची नाही. त्यांनी सुकाणूवरच्या अनुभवी माणसाकडं बघितलं. तो नुसतं जहाज आत्ता किती वाकडं आहे एवढंच बघत नाही. किती वेळ वाकडं राहिलंय तेही ध्यानात ठेवतो, आणि किती झपाट्यानं वळतंय त्याचा अंदाज घेऊन आधीच सुकाणू उलटं घेतो. पी, आय आणि डी ही तीन अक्षरं एका खलाशाच्या हातातून उतरवून घेतलेली आहेत. ड्रोनमध्ये हे काम माणसाशिवाय करणारं ऑटोट्यून 2013 च्या शेवटाला आर्डूकॉप्टर या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 3.1 आवृत्तीत आलं, लेनर्ड हॉल यांचं काम. तोवर लोक एका हातानं ड्रोन सांभाळत, दुसऱ्या हातानं रिमोटचं बटण फिरवत, पी वाढवत बसायचे. मीही सुरुवातीला महिनाभर तेच केलं, आणि एकदाही माझा माझ्या निर्णयावर विश्वास बसला नाही. डोलतोय, की मला डोलल्यासारखं दिसतंय, हेच ठरेना.

ऑटोट्यून पहिल्या दिवशीच जमलं असंही नाही. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा अण्णा माझ्याबरोबर आले होते. “घरात बसून काय करू,” म्हणाले. कानटोपी घालून, दोन्ही हात मागं बांधून बांधाजवळ उभे राहिले. ड्रोननं रोलचे पाच-सहा हिसके दिले आणि लॅपटॉपवर ओळ आली: ‘फेलिंग टू लेव्हल’. म्हणजे दोन हिसक्यांच्या मधे तो पुरेसा सरळच होत नव्हता. सरळ झाल्याशिवाय पुढचा हिसका द्यायचा नाही, ही त्याची शिस्त. वाट बघून बघून तो कंटाळतो आणि ‘हातानं ट्यून करा’ म्हणतो. मी पुन्हा उडवला. पुन्हा तेच. मी सगळं जागेवर तपासलं, म्हणजे पडद्यावर. पंखे दहा इंची, तेव्हा जायरोचा, म्हणजे वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, फिल्टर 40 हर्ट्झ, बरोबर. पाच इंचीला 80, विसाला 20. पंखा जितका मोठा तितका तो सावकाश वळतो, आणि कंट्रोलरनं त्याच्याकडं तितक्याच धीरानं बघायचं. बॅटरीचा व्होल्टेज लिहिलेला, बरोबर. कंपनं मर्यादेत. मी खाली मान घालून आकडे वाचत होतो. अण्णा जवळ आले, वाकले, आणि ड्रोन दोन्ही हातांत धरून टोपल्यातलं धान्य हलवावं तसा हलवला.

“ह्ये डगडगतंय की,” म्हणाले.

बॅटरी. पट्टा घट्ट दिसत होता, पण खालचा स्पंजाचा तुकडा दबून पातळ झाला होता. अर्ध्या किलोच्या आसपासचं वजन प्रत्येक हिसक्याबरोबर कणभर सरकत होतं, आणि ड्रोन सरळ झाला तरी बॅटरी अजून सरळ व्हायची होती. यात चमत्कार काही नाही. माग बिघडला की आधी धरून हलवायचा, मग पान्ह्याला हात घालायचा, ही त्यांची पन्नास वर्षांची रीत. मला वाईट याचं वाटलं की मी अर्धा तास त्या ड्रोनकडं बघत होतो आणि त्याला हात लावला नव्हता. परत येताना गाडीवर मागं बसून ते म्हणाले, “मोटरीला हात लावून बघतोस का रं, उतरल्यावर?” मी म्हटलं, नाही. “बघत जा. गरम असली तर ती आत कुठंतरी भांडालीय.” हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डी गरजेपेक्षा जास्त झाला तर कंट्रोलर मोटरींना सेकंदात शेकडो वेळा ‘पळ, थांब, पळ, थांब’ म्हणत राहतो. ड्रोन वरून शांत दिसतो आणि मोटरी तापतात. जाणकार लोकही हेच सांगतात, उतरल्यावर आधी मोटरींना बोट लावा. मीही ते वाचलं होतं. केलं नव्हतं.

नवा स्पंज लावला. मधले काही रविवार वाऱ्यात आणि अवकाळी पावसात गेले. आणि मग डिसेंबरातली ती सकाळ, मी एकटा, नऊ मिनिटं, सक्सेस, आणि स्विच खाली.

झोप लागेना म्हणून रात्री अडीचला उठलो आणि ड्रोनमधलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कंट्रोलर प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो, हे तेव्हा आठवलं. ऑटोट्यूनची वेगळी नोंद असते. प्रत्येक हिसक्याला एक ओळ. कोणता अक्ष, शोधाची कोणती पायरी, किती वेग मागितला, किती मिळाला, उलटी उसळी किती, आणि त्या वेळचा पी, त्या वेळचा डी. ओळीमागून ओळी. मी वरून खाली वाचत गेलो. डी 0.0036 पासून चढत जातो, 0.0060 च्याही वर जातो, उसळी वाढते, मग उतरायला लागतो, अडखळतो, पुन्हा जरासा चढतो, आणि 0.0049 वर चार वेळा टिकतो. रोलचा पी 0.112 वर थांबला होता. पिचचा 0.127 वर. पिचचा जास्त का, तर बॅटरी लांबीनं पुढं-मागं ठेवलेली, त्या दिशेला वळायला अंग जड. मी ते कुठंही लिहून दिलं नव्हतं. हिसके देऊन देऊन त्यानं स्वतःच ओळखलं होतं की आपण लांबट आहोत. घरात सगळे झोपलेले, पंखा बंद, बाहेर एखाद्या शेडमध्ये रात्रपाळीचे माग लांबून खडखडत होते, आणि मी ते आकडे वाचत होतो. काहीच हरवलं नव्हतं. मी ‘नको’ म्हटलं तरी कार्डानं सगळं ठेवलं होतं.

अण्णांचे चोवीस माग सहा वर्षांपूर्वी गेले. मालकाच्या मुलानं शेडमध्ये बिनधोट्याचे माग आणले. ते बरोबरच होतं, जुन्यावर कापड परवडत नव्हतं. जुने माग भंगारवाल्याला किलोवर घातले. अण्णा त्या दिवशी शेडवर गेले होते. कटरनं चौकटी तोडताना बघत उभे राहिले, दुपारी जेवायला आले, भाकरी कुस्करून आमटीत घातली आणि नेहमीसारखं जेवले. मी त्या वेळी पुण्याला होतो. आईनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, आता आराम करतील. हे वाक्य मी किती सहज बोललो ते आता आठवतं. तेव्हा दहा नंबरच्या मागाला कुठला पट्टा लागायचा, सतराव्याच्या उजव्या पेटीत काय खोड होती, पावसाळ्यात चामडं सैल पडलं की कुठल्या मागाला आधी बघायचं, हे सगळं एका माणसाच्या तळव्यात होतं. कुठल्या कार्डावर त्याची ओळ नाही.

सकाळी चहा पिताना मी त्यांना सरळ विचारलं. धोटा उसळतोय हे कळायचं कसं? नजरेनं तर दिसत नाही, इतका जलद. ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं प्रश्न नीट कळला नाही. मग त्यांनी कप बाजूला सारला आणि टेबलावर दोन बोटांनी वाजवायला सुरुवात केली. ठाक. ठाक. ठाक. ठाक. एका लयीत, उजवं बोट, डावं बोट. “ह्यो बरोबर.” मग पुन्हा. ठाक. ठाकक. ठाक. ठाकक. डाव्या बोटाच्या मागोमाग नखाचा अगदी पुसट एक टोला. इतका पुसट की मी टेबलाला कान लावल्यावरच ऐकू आला. “ह्यो उसळालाय.” मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. मग पट्टा आवळताना लय कशी बदलत जाते ते केलं, ठाकच्या आधीचा तो दबका श्वास कसा लहान होत जातो ते केलं, सैल पडलेल्या पट्ट्याचा उशिरा येणारा टोला केला. वीसेक मिनिटं ते टेबल वाजवत होते. आई भाजी निवडत होती, ती म्हणाली, “किती वर्षांनी हा आवाज ऐकला.” मी मोबाइल काढून रेकॉर्ड करू का, असं विचारणार होतो. विचारलं नाही. माझा हात त्यांच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला आणि ठाकक वाजवायचा प्रयत्न केला. माझा टोला दरवेळी फार मोठा यायचा. “हळू. ते आदळत न्हाई, ते परत फिरतंय नुसतं,” ते म्हणाले.

कार्डावरचे आकडे हातानं टाइप करून भरले असते तर काम झालं असतं. रोल 0.112, पिच 0.127, पाच मिनिटांचं काम. बरेच लोक तसं करतातही आणि त्यात चूक काहीच नाही. मी केलं नाही. मला तो ड्रोन ते आकडे अंगावर घेऊन उतरलेला पाहिजे होता.

पुढच्या रविवारी अण्णांना घेऊन गेलो. थंडी आदल्या आठवड्यापेक्षा जास्त होती, गवतावर दव इतकं की चपला भिजल्या. बॅटरी घरून शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणली होती. गार बॅटरी लवकर दम टाकते. त्यांनी ड्रोन हातात घेतला, हलवला, पुन्हा उलटा धरून हलवला, आणि न बोलता माझ्याकडं दिला. दहा मीटर. स्विच वर. हिसका, थांबा. हिसका, थांबा. अण्णा मान तिरकी करून उभे. तिसऱ्या मिनिटाला ती खरखर आली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. खरखर विरली तशी आठी गेली. मी आकड्यांकडं बघणं सोडून दिलं आणि त्यांच्या कपाळाकडं बघत राहिलो. डी कुठं चढतोय आणि कुठं उतरतोय ते मला तिथं वाचता येत होतं. पिचच्या वेळी वारं किंचित उठलं, दोनदा स्टिकनं जागेवर आणावा लागला. दहाव्या मिनिटाला सक्सेस. स्विच खाली, पुन्हा वर. स्टिक झटकली आणि सोडली. तो कलला आणि जागच्या जागी उभा राहिला, कुठंही न डोलता, खुंटी मारल्यासारखा.

“बसला,” अण्णा म्हणाले.

उतरवताना माझी तर्जनी त्या स्विचच्या मागं आडवी धरलेली होती, तो खाली जाऊच नये म्हणून. पाय जमिनीला लागले, दवाचे थेंब उडाले, पंखे सावकाश झाले. बोटाला सवयीनं खाली ओढायचं होतं, ते मला बोटात जाणवत होतं. डावी स्टिक कोपऱ्यात. एक, दोन, तीन, चार. पंखे थांबले. लॅपटॉपवर नवे आकडे साठवल्याची ओळ आली. रोल 0.108. पिच 0.131. गेल्या आठवड्याचे नव्हेत, जरा वेगळे. थंडी वेगळी, वारं वेगळं, स्पंज थोडा आणखी दबलेला. आजचे आकडे.

बॅटरीची पिन काढली तेवढ्यात अण्णा गुडघ्यावर हात टेकून खाली बसले होते. त्यांनी एका मोटरीवर दोन बोटं ठेवली, थांबले. दुसरीवर ठेवली. तिसरीवर ठेवली तेव्हा जास्त वेळ थांबले, पुन्हा पहिलीवर गेले, आणि परत तिसरीवर आले.

“ही मागची डावी,” ते म्हणाले, “जरा भांडालीय. बघ हात लावून.”

मी त्यांच्याशेजारी ओल्या गवतात बसलो आणि हात लावला.